वाटाघाटींचे शिक्षण : भूमिकाभिनयाचा एक पाठ

ग्रामपंचायतीच्या सभेत, पाणीवापर संस्थेच्या बैठकीत किंवा तालुक्याच्या टंचाई आढाव्यात जे प्रश्न खऱ्या अर्थाने अडून राहतात, ते बहुधा दोघांमधील नसतात. बांधाचा तंटा दोघांत असतो. तो मध्यस्थाकरवी मिटतो, न मिटल्यास न्यायालयात जातो. चारीच्या पाण्याचा, गायरानाचा किंवा आठवडे बाजाराच्या जागेचा प्रश्न मात्र पाच-सहा पक्षांचा असतो. त्यांपैकी प्रत्येकाची गरज निराळी, ताकद निराळी आणि सभेत बोलण्याची हिंमतही निराळी. असे प्रश्न सोडविण्याचे काम आपण सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक आणि शाखा अभियंता यांच्यावर सोपवितो. परंतु त्या कामाचे रीतसर शिक्षण त्यांना क्वचितच मिळते.

दोन पक्षांच्या सौद्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत अनेकांनी पाहिली असेल. घेणारा थोडा चढतो, देणारा थोडा उतरतो आणि मध्ये कोठे तरी सौदा जमतो. त्या रुमालाखाली तिसरा हात आला तर मात्र ही सारी रीत कोलमडते. तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र येऊन तिसऱ्यास बाजूस सारू शकतात, आणि बाजूस सारलेला तिसरा त्यांतील एकास अधिक देऊ करून ती जोडी फोडूही शकतो. सहा पक्ष असतील तर त्यांच्या १५ जोड्या होतात, आणि दोन किंवा अधिक पक्षांचे ५७ निरनिराळे गट संभवतात. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासक हॉवर्ड रायफा यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दोन पक्षांच्या आणि अनेक पक्षांच्या वाटाघाटींचा स्वतंत्रपणे विचार केला, तो याच कारणाने. पक्षांची संख्या वाढली म्हणजे केवळ गोंगाट वाढत नाही. प्रश्नाचे स्वरूपच बदलते.

हे व्याख्यानाने समजते, पण अंगवळणी पडत नाही. यासाठी भूमिकाभिनयाची पद्धत उपयुक्त ठरते. 'अभिनय' हा शब्द येथे थोडा फसवा आहे. यात संवाद लिहून दिलेले नसतात, प्रेक्षकही नसतात. प्रत्येक प्रशिक्षणार्थीस एका पक्षाची परिस्थिती, गरज आणि काही गुप्त माहिती कागदावर देण्यात येते. पुढे काय बोलावे हे त्याने स्वतः ठरवावयाचे असते. असा एक पाठ येथे सविस्तर देत आहोत. तो शिक्षक अध्यापक विद्यालयात, तसेच पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गात घेऊ शकतील. साधने म्हणून कागद, घड्याळ आणि सहा खुर्च्या एवढेच लागते.

चारीचा पाठ

एका काल्पनिक लघु वितरिकेसाठी अवर्षणाच्या वर्षी रब्बीचे १०० भाग पाणी मंजूर झाले आहे. बैठकीस सहा पक्ष उपस्थित आहेत. शीर्ष भागातील ऊस बागायतदारांची मागणी ४० भागांची आहे. उभा ऊस जगविण्यास मात्र २५ पुरतात. मध्य भागातील कांदा व गहू पिकविणारे ३० मागतात आणि २० वर निभावून नेऊ शकतात. पुच्छ भागातील ज्वारी-हरभऱ्याचे शेतकरी ३० मागतात. १८ पेक्षा कमी मिळाल्यास त्यांचे पीक हातचे जाते. ग्रामपंचायतीस पिण्याच्या पाण्याचा तलाव भरण्यासाठी २० हवेत, निदान १२. भूमिहीन मजूर व पशुपालक यांना गुरांसाठी १० हवेत, निदान ५. सहावा पक्ष शाखा अभियंत्याचा. त्यास स्वतःसाठी पाणी नको. थकलेली पाणीपट्टी वसूल व्हावयास हवी.

मागण्यांची बेरीज १३० होते, किमान गरजांची ८०. मागणी हा आकडा बैठकीत उघडपणे बोलावयाचा. किमान गरजेचा आकडा मात्र ज्याच्या त्याच्या सूचनापत्रातच राहतो, तो सांगावा की न सांगावा हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. १०० भाग हाती असता ८० ची गरज भागविणे कठीण नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. खरी मेख दोन सूचनापत्रांत आहे. अभियंत्याच्या कागदावर लिहिलेले असते की, गाळाने व गवताने भरलेल्या या चारीत ४५ भाग पाणी वाटेतच मुरते. ती साफ केल्यास फक्त १० भाग वाया जाईल. म्हणजे चारी तशीच राहिली तर शेतापर्यंत व तलावापर्यंत ५५ भाग पोहोचणार, साफ झाली तर ९०. त्याच कागदावर आणखी एक नोंद असते : थकबाकीपैकी निम्मी पुच्छ भागाकडे असून, ती वसूल न झाल्यास पुढील वर्षी या चारीची मंजुरी रोखली जाईल. दुसरा महत्त्वाचा कागद मजुरांचा. चारीची साफसफाई त्यांच्याच हातून होणार आहे, कारण हंगामात बाहेरून मजूर मिळत नाहीत. आणि योग्य मजुरी व गुरांच्या पाण्याची हमी मिळाल्याखेरीज ते कामावर येणार नाहीत.

नियम दोनच. सहापैकी चार पक्षांची संमती मिळाली की निर्णय झाला असे समजावे. पाऊण तासात निर्णय न झाल्यास विभाग पाणी सोडून देईल, पण शेजपाळी ठरलेली नसेल आणि चारीही साफ झालेली नसेल. मग कोणाच्या वाट्यास किती येईल याची हमी कोणीही देणार नाही.

कागद वाचण्यास १५ मिनिटे द्यावीत. त्यानंतर २० मिनिटे प्रत्येकास कोणाशीही खासगीत बोलण्याची मुभा असावी. व्हरांड्यात, झाडाखाली, कोठेही. ही मुभा कोणत्याही कारणास्तव वगळू नये. प्रत्यक्ष व्यवहारातही बैठकीतील निर्णय बऱ्याच वेळा बैठकीपूर्वीच ठरलेले असतात. त्यानंतर ४५ मिनिटांची बैठक, आणि शेवटी किमान एक तास चर्चा. वर्गात तीस जण असतील तर सहा-सहांचे पाच गट करावेत. तेच कागद, तेच आकडे आणि तरीही पाच गटांचे निर्णय जेव्हा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले जातात, तेव्हा 'परिस्थितीच तशी होती, दुसरा इलाज नव्हता' हे नेहमीचे समर्थन आपोआप गळून पडते.

बहुमत आणि पाणी

या आकड्यांत एक मोह मुद्दाम ठेवलेला आहे. शीर्ष भाग ४०, मध्य भाग ३० आणि ग्रामपंचायत २० यांची बेरीज बरोबर ९० होते. अभियंत्याने चारी साफ केल्यास ९० भाग मिळतील असे सांगितले, की हे तिघे आणि अभियंता मिळून चार मते होतात. प्रत्येकाची मागणी शंभर टक्के पुरी होते आणि ठराव मंजूर होतो. पुच्छ भागास काही नाही, मजुरांस काही नाही. अशा गटात व्हरांड्यातील संभाषण साधारण पुढीलप्रमाणे होते : "अण्णा, तुम्ही चाळीस घ्या, आम्हांला तीस द्या, सरपंचांच्या तलावाचं बघू. साहेबांची वसुली आपण आधी भरून टाकू, म्हणजे तेही नाही म्हणायचे नाहीत." ठरावास टाळ्या पडतात. वेळही पाऊण तासापेक्षा कमी लागतो.

मग शिक्षकाने शांतपणे विचारावे, "चारी कोण साफ करणार?"

मजुरांची भूमिका घेतलेला प्रशिक्षणार्थी येथवर बहुधा गप्प बसलेला असतो, कारण त्यास कोणी बोलावलेलेच नसते. आता तो आपला कागद वाचतो. चारी साफ होणार नाही. पोहोचणार ते ५५ भाग. ज्या तिघांनी ९० वाटून घेतले त्यांच्या किमान गरजांचीच बेरीज ५७ आहे. म्हणजे दोघांना वगळून केलेला ठराव वगळणाऱ्या तिघांनाही पुरत नाही. नियमाप्रमाणे तो पूर्णपणे वैध आहे. चारीत मात्र पाणी नाही.

काही गट अधिक चतुर असतात. ते मजुरांचे महत्त्व वेळीच ओळखतात, त्यांना मजुरी आणि ५ भाग देऊन आपल्याकडे घेतात आणि एकट्या पुच्छ भागास वगळतात. उरलेल्या ८५ भागांत तिघांचे उत्तम भागते. या निकालावर चर्चेत सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण खेड्यात प्रत्यक्ष घडते ते बहुतेक हेच. येथे प्रश्न पुढील वर्षाचा आहे. ज्या शेतकऱ्याच्या शेतात पाणी आले नाही, तो पाणीपट्टी भरणार नाही. त्याने का भरावी, याचे उत्तर सभेत कोणाजवळही नसते. थकबाकी राहते, मंजुरी रोखली जाते आणि शीर्ष भागातील ऊसही वाळतो. अभियंत्यास हे ठाऊक होते. त्याने ते बैठकीत सांगितले की नाही, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे, आणि अधिकाऱ्यांच्या वर्गात तो अवश्य काढावा.

एवढ्यावरून 'दुर्बलांना वगळणे शेवटी कोणासच परवडत नाही' असा सोयीस्कर निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. या पाठात मजुरांच्या हाती फावडे आहे, म्हणून त्यांचा नकार जाणवतो. प्रत्येक दुर्बलाच्या हाती फावडे नसते. ज्याच्याजवळ रोखून धरण्यासारखे काहीच नाही, त्याचे रक्षण वाटाघाटी करू शकत नाहीत. त्यासाठी वाटाघाटींच्या अगोदर ठरलेले नियम लागतात. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने नेमके हेच केले. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे तर माणशी ठरविला. दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर एवढ्यापुरतेच पाणी. भूमिहीनांचाही त्यात वाटा. आणि ऊस घ्यावयाचा नाही. भांडावयाचे ते यानंतर. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ याने पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व दिले, त्यामागेही हाच विचार दिसतो. पाठ दुसऱ्यांदा घेताना शिक्षकाने यांतील एखादा नियम, उदाहरणार्थ 'तलावाचे १२ भाग आधी वेगळे काढावेत', सुरुवातीसच जाहीर करावा आणि निकाल कसा बदलतो ते पाहावे.

मसुदा कोणाच्या हाती

सहा पक्ष सहा निरनिराळे प्रस्ताव घेऊन बसले की प्रत्येक जण आपल्याच कागदाचे समर्थन करीत राहतो. यावर एक उपाय आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत रूढ झाला आहे : एकच मसुदा समोर ठेवावयाचा, त्यावर सर्वांचे आक्षेप ऐकावयाचे, मसुदा सुधारावयाचा आणि पुन्हा समोर ठेवावयाचा. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे इजिप्त व इस्राएल यांच्यात १३ दिवस वाटाघाटी चालल्या, तेव्हा अमेरिकी मध्यस्थांनी याच पद्धतीने २३ मसुदे केले. सागरी कायद्याविषयीची संयुक्त राष्ट्रांची तिसरी परिषद १९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षे चालली. तिच्यात दीडशेहून अधिक राष्ट्रे होती. मतदानाची घाई करावयाची नाही, सहमतीचे सर्व प्रयत्न संपल्यावरच मत घ्यावयाचे, असा संकेत तेथे प्रारंभीच ठरला होता आणि १९७५ पासून एका अनौपचारिक मसुद्यावर काम चालले. मत अखेर ३० एप्रिल १९८२ रोजी घ्यावेच लागले. १३० अनुकूल, ४ प्रतिकूल, १७ तटस्थ. प्रतिकूल मत देणाऱ्यांत अमेरिका होती, आणि तिने हा करार आजतागायत मान्य केलेला नाही. बाहेर राहिलेला एक पक्ष किती भारी असू शकतो, याचे हे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण.

वर्गात हा प्रयोग सोपा आहे. पाचपैकी दोन गटांना सांगावे की, तुमचा मसुदा अभियंत्याने लिहावा आणि इतरांनी त्यास 'हे नको' एवढेच न म्हणता 'हे का नको' हे सांगावे. 'का' विचारले की आकड्यामागील गरज बाहेर येते. ४० भाग मागणारा बागायतदार मग बोलून जातो की, त्यास काळजी पाण्याच्या एकूण भागांची नसून शेवटच्या पाळीची आहे.

गोदावरीचे उदाहरण

पाठानंतर वाचावयास द्यावे असे एक उदाहरण आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांच्या पाणीतंट्यांसाठी १९६९ साली लवाद नेमले गेले. दोन्हींचे अध्यक्ष न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत होते. कृष्णेच्या बाबतीत राज्यांचे जमले नाही. लवादानेच २,०६० अब्ज घनफूट पाण्याची वाटणी केली : महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र प्रदेश ८००. गोदावरीच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, कर्नाटक व ओरिसा या पाच राज्यांनी १९७५ पासून आपसांत करार केले, आणि १९८० च्या निवाड्यात लवादाने मुख्यतः तेच करार समाविष्ट केले.

हे करार कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. पाचही राज्ये एकदम एका आकड्यावर आली नाहीत. प्रथम दोन-दोन राज्यांनी आपापल्या सीमेवरील उपखोऱ्यांचा प्रश्न मिटविला. ऑक्टोबर १९७५ च्या करारान्वये महाराष्ट्रास पैठण धरणापर्यंतचे गोदावरीचे आणि सिद्धेश्वर धरणापर्यंतचे पूर्णेचे सर्व पाणी वापरण्याची मुभा मिळाली. त्याखालच्या भागात नव्या वापरास ६० अब्ज घनफुटांची मर्यादा आली. त्यानंतर डिसेंबरात पाचही राज्ये एकत्र बसली. पुढे १९७८ मध्ये दोन नद्यांचे प्रश्न एकमेकांस जोडले गेले. पोलावरम येथून गोदावरीचे ८० अब्ज घनफूट पाणी कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशास द्यावयाचे, आणि त्यामुळे कृष्णेत मोकळे होणारे तेवढे पाणी वरच्या बाजूस वापरावयाचे; त्यांपैकी ४५ आंध्र प्रदेशास, तर ३५ महाराष्ट्र व कर्नाटक यांना मिळून. एकाच नदीवर भांडत राहिले असते तर जे कोणासही देता आले नसते, ते दुसरी नदी चर्चेत आणल्याने देता आले. चारीच्या पाठात साफसफाईचे जे स्थान, तेच येथे पोलावरमचे.

परंतु याच करारात पुढील दोन अडचणींची बीजे होती. पोलावरमच्या बुडित क्षेत्रातील आदिवासींना त्या वाटाघाटींत स्वतःची खुर्ची नव्हती; पक्ष होते ती राज्ये. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अनेक दशके धगधगत राहिला. दुसरी अडचण शब्दांची. ६० अब्ज घनफुटांच्या मर्यादेत राहून महाराष्ट्राने नांदेड जिल्ह्यात बाभळी बंधारा बांधला, तेव्हा तो पोचमपाड जलाशयाच्या फुगवट्याच्या क्षेत्रात येतो या मुद्द्यावर आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधाऱ्यास मान्यता मिळाली, पण अटींसह : साठा २.७४ अब्ज घनफूट, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावयाचे. करारात 'किती' हे लिहिले, पण 'कोठे, केव्हा व कोण पाहणार' हे पुरेसे लिहिले नाही, तर काय होते ते यावरून दिसते. पाठातील ठराव तपासताना हेच तीन प्रश्न विचारावेत. पहिले पाणी केव्हा सोडणार? पाळी चुकली तर तक्रार कोणाकडे? पाटकऱ्यास हुकूम कोण देणार? बहुतेक ठरावांत याचा पत्ता नसतो.

पात्रयोजना आणि पथ्ये

कोणास कोणती भूमिका द्यावी, यावर पाठाचे निम्मे यश अवलंबून असते. ज्याची जमीन चारीच्या तोंडाशी आहे त्यास पुच्छ भागाची भूमिका द्यावी. अधिकाऱ्यास मजूर करावे आणि मजुरी करणाऱ्या सदस्यास अभियंता. आपलीच बाजू मांडावयास कोणी शिकवावे लागत नाही. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून 'मला १८ भाग मिळाले नाहीत तर घरात धान्य येणार नाही' हे पाऊण तास बोलत राहिल्यावर तो आकडा वेगळा भासू लागतो. महाराष्ट्रात पंचायत राज्य संस्थांत २०११ पासून स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. तथापि मिश्र वर्गात स्त्री सदस्यांना ग्रामपंचायतीची किंवा मजुरांची भूमिका देऊन मोकळे होण्याची प्रवृत्ती आढळते. शीर्ष भागाचा बागायतदार त्यांच्याकडेही असावा.

स्वतःच्या गावचा चालू तंटा पाठासाठी कधीही निवडू नये. खरी नावे आली की अभिनय संपतो आणि भांडण सुरू होते. एखाद्या प्रशिक्षणार्थीने भूमिकेच्या आवेशात कटू शब्द वापरल्यास बैठक थांबवू नये. मात्र चर्चा सुरू करण्यापूर्वी सर्वांची खुर्ची बदलावी, नावाने हाक मारावी आणि भूमिका संपल्याचे स्पष्ट सांगावे. या लहानशा गोष्टीचा उपयोग फार होतो.

चर्चेत प्रथम बोलण्याची संधी ज्यास काहीच मिळाले नाही त्यास द्यावी, ठराव जिंकणाऱ्यास शेवटी. तुम्हांस बैठकीत कोणी काही विचारले का, व्हरांड्यात तुमच्याकडे कोण आले, तुम्ही स्वतः कोणाकडे गेलात, असे साधे प्रश्न पुरेत. गुप्त सूचनापत्रे सर्वांत शेवटी भिंतीवर लावावीत. ती वाचण्यासाठी प्रशिक्षणार्थी मधल्या सुट्टीतही उभे राहतात; त्या वेळी शिक्षकाने जवळ थांबावे, पण बोलू नये.

वेळ उरल्यास तोच पाठ चाराऐवजी सहाही पक्षांच्या संमतीची अट घालून पुन्हा घ्यावा. येथे प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार येतो, आणि सर्वांच्या किमान गरजा भागवून उरणाऱ्या १० भागांवर हटून बसणारा एखादा तरी निघतोच. बहुमताने वगळण्याचा दोष जितका खरा, तितकाच एकमताने अडवून धरण्याचाही. ग्रामसभेचा नियम यांतील कोणत्या टोकाकडे असावा, यावर दोन्ही फेऱ्यांचे निकाल समोर ठेवून वर्गातच मत घ्यावे.